जवारी आणि ज्वारी

माझे चाचा मिरजेत तंतुवाद्यं बनवायचे. १९९२-९३ च्या सुमाराची गोष्ट आहे. मी नुकताच बी.ए. झालो होतो आणि घरातला सर्वांत शिकलेला माणूस म्हणून मिरवत होतो. तेव्हा लांबच्या गावचे एक प्राध्यापक आमच्याकडे आले. मिरजेच्या वाद्य-कारागिरांवर त्यांचा प्रबंध चालला होता. चाचांनी तीन दिवस हातातलं काम बाजूला ठेवलं. भोपळा कसा पारखायचा, तबली किती पातळ ठेवायची, घोडीवरची जवारी कशी काढायची, सगळं सांगितलं. चहा-नाश्ता चाचीकडे होताच.

पुढं कळलं की प्राध्यापकांना डॉक्टरेट मिळाली. चाचांना फार आनंद झाला. म्हणाले, "आपल्याबद्दल काय लिहिलंय ते जरा वाचून तरी दाखव." मी त्या गावी गेलो. ग्रंथालयात विचारलं, तुम्ही इथले विद्यार्थी का? नाही. मग विभागप्रमुखांचं पत्र आणा. पत्र आणलं तेव्हा कपाटाची किल्ली ज्यांच्याकडे असते ते रजेवर होते. अशा तीन खेपा झाल्या. नंतर मीच कंटाळलो. १९९९ साली चाचा गेले. तो प्रबंध त्यांनी पाहिला नाही.

ही तक्रार सांगायला मी आज रेडिओपुढं बसलो नाही. मला सांगायचं आहे ते त्याच मिरजेतल्या, पण त्याच्या जवळजवळ शंभर वर्षं आधीच्या एका मास्तरांबद्दल.

वासुदेवशास्त्री खरे. जन्म १८५८, गुहागरचा. मिरजेच्या हायस्कुलात ते संस्कृत शिकवत. कविता करत, नाटकं लिहीत, १८९२ साली त्यांनी नाना फडणविसांचं चरित्र लिहिलं. पण त्यांच्या आयुष्याचं काम वेगळंच होतं. पटवर्धन सरदारांच्या घराण्यांत पेशवाईतल्या पत्रांची दप्तरं पडून होती. मोडीतले कागद, काही कसरीनं खाल्लेले. शास्त्रीबुवा शाळा सांभाळून ते वाचत बसले. आणि वाचून झालं की कपाटात ठेवावं, वीस वर्षांनी एकदम मोठा ग्रंथ काढावा, असं त्यांनी केलं नाही. १८९७ पासून 'ऐतिहासिक लेखसंग्रह' या नावानं ते मासिक रूपानं छापायला लागले. जसजसं हाती येईल तसतसं. पत्रांना ओळीनं क्रमांक आणि त्यांच्या आधी चालू हकिकत, म्हणजे कोणती मोहीम, कोण कुठं होतं, हे पत्र का लिहिलं गेलं. भाषा साधी, मराठी शिकलेल्या कुणालाही कळेल अशी. १९२४ साली ते वारले, तोवर बारा खंड झाले होते. पुढचे खंड त्यांच्या चिरंजीवांनी काढले.

आता मिरज म्हणजे काही मुंबई नव्हे. पत्रं लिहिणाऱ्यांचे पणतू-खापरपणतू त्याच गावात, शेजारच्या सांगलीत, तासगावात राहत होते. हप्त्यानं छापण्यात मोठी सोय अशी की एका अंकात चूक झाली तर ती पुढच्या अंकात दुरुस्त करता येते. आणि जोखीमही तीच की आपली चूक गावाला आपल्या डोळ्यांदेखत दिसते. मास्तरानं वर्गाबाहेर असं उघड्यावर बसून अभ्यास करायला छाती लागते.

हे खूळ त्या काळी कृष्णाकाठी पसरलंच होतं म्हणा. वाईला १८९८ साली राजवाड्यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड छापला. साताऱ्यात दत्तात्रेय बळवंत पारसनीस १९०८ पासून 'इतिहाससंग्रह' मासिक चालवत होते. या पारसनिसांनी कागद, चित्रं, नकाशे यांचा एवढा साठा केला की साताऱ्यात त्याचं संग्रहालय झालं. ते १९३९ साली पुण्याला डेक्कन कॉलेजात गेलं. साताऱ्याची जुनी माणसं अजून त्याबद्दल हळहळतात, आणि मला ते पटतं.

पुढं वाईलाच तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांनी विश्वकोशाचा संसार मांडला. पहिला खंड १९७६ साली आला. त्यातली एक साधी गोष्ट मला फार आवडते. प्रत्येक नोंदीच्या शेवटी लिहिणाऱ्याचं नाव आहे. ठिकठिकाणच्या प्राध्यापकांनी, डॉक्टरांनी, इंजिनिअरांनी आपापला विषय मराठीत आणला आणि खाली सही केली. चुकलं तर कोणाला धरायचं ते वाचकाला ठाऊक.

मग गाडी रुळावरून उतरली कुठं? मी प्राध्यापक नाही, त्यामुळं मला बोलायला सोपं आहे. पण २०१० साली विद्यापीठ अनुदान आयोगानं शिक्षकांच्या संशोधनाला गुण लावले. अमुक नियतकालिकात लेख आला की एवढे गुण, पुस्तकाला तेवढे. गुण मिळवून देणारी नियतकालिकं पावसाळी छत्र्यांसारखी उगवली. २०१८ च्या मे महिन्यात आयोगानंच आपल्या यादीतून ४,३०५ नियतकालिकं काढून टाकली. मासिकात सोप्या मराठीत लिहिलेल्या लेखाला मात्र बढतीच्या हिशेबात फारशी किंमत उरली नाही. खरेशास्त्री आज असते तर त्यांचं मासिक कोणत्या रकान्यात बसवलं असतं, हा मला पडलेला प्रश्न आहे.

माझी भाची विद्यापीठात इतिहासात पीएच.डी. करते. विषय मिरजेचे शिकलगार. शिकलगार म्हणजे शस्त्रांना धार लावणारे. लढाया संपल्या, तलवारींचं काम गेलं आणि त्यांतल्या काही घराण्यांनी सतार-तंबोरा हाती घेतला. आम्ही त्यांतलेच. शास्त्रीबुवांच्या पत्रांत लढाया आहेत. त्या लढायांतली हत्यारं ज्यांच्या सहाणेवरून गेली त्यांना शोधायला ती निघाली आहे. जे सापडतं ते दर रविवारी मराठीत ब्लॉगवर लिहिते. तिच्या एका शिक्षकांनी बजावलं, आधी प्रबंध पुरा कर, नाहीतर कोणी उचलेल. भीती खोटी नाही. असं उचलेगिरीचं मी कवितेत भोगलंय. तिनं चार महिने लिहिणं थांबवलंही.

मधल्या काळात तिनं मला तो जुना प्रबंध शोधून दिला. २००९ नंतर प्रबंध संगणकावर खुले ठेवायचा नियम झाला, 'शोधगंगा' आली आणि हळूहळू काही जुनेही त्यावर चढले. तीस वर्षांनी मी तो वाचला. इंग्रजीत आहे. मेहनत दिसते, मोजमापं नीट आहेत. चाचांचं नाव नाही. ते 'माहिती देणारा क्रमांक सात' आहेत. आणि एका पानावर जवारीचा अर्थ दिला आहे ज्वारी, एक धान्य. घोडीचा वरचा पृष्ठभाग कानसीनं घासून तार त्याला अशी टेकवायची की स्वर घुमत राहावा, तिचं नाव जवारी. चाचांनी तीन दिवस जे सांगितलं त्याचा जीव त्या एका शब्दात होता. प्राध्यापकांची लबाडी नव्हती, कान चुकला एवढंच. पण हा मजकूर आमच्या गल्लीत एकदा जरी वाचला गेला असता तर कुणा पोरानं हसत हसत दुरुस्त केला असता.

हे वाचल्यावर भाची पुन्हा लिहायला लागली. पहिलाच लेख जवारीवर, त्यात चाचांचं पूर्ण नाव. मागच्या महिन्यात ती चाचीला तो वाचून दाखवायला आली. चाचीला आता नीट दिसत नाही. तिनं डोळे मिटून सगळं ऐकलं. 'रात्री उशिरा ते जवारी काढत बसायचे' हे वाक्य आलं तेव्हा तिनं हात वर केला. "रात्री नाही ग. पहाटे. गल्ली जागी व्हायच्या आत. आवाज झाला की त्यांना ऐकू यायचं नाही."

भाचीनं तिथंच बसून फोनवर ते वाक्य बदललं आणि खाली चाचीचं नाव घातलं.