वापसीची किंमत : स्टॉक कार शर्यतींचा एक धडा

निवृत्तीनंतर मैदानात परतणाऱ्या खेळाडूची गोष्ट आपल्याला फार आवडते. तो जिंकला तर आपण त्याच्या जिद्दीचे गोडवे गातो. हरला तर 'वेळीच थांबायला हवे होते' असे म्हणून मोकळे होतो. दोन्ही वेळा सगळा हिशेब त्या एकट्या माणसाच्या नावावर मांडला जातो. अमेरिकेतील स्टॉक कार शर्यतींचा इतिहास वाचताना मला हा हिशेब अपुरा वाटू लागला.

स्टॉक कार म्हणजे वरून बाजारात मिळणाऱ्या मोटारीसारखी दिसणारी, पण आतून शर्यतीसाठीच बांधलेली गाडी. या शर्यतींची प्रमुख संस्था 'नॅसकार'. बिल फ्रान्स यांच्या पुढाकाराने ती १९४८ साली फ्लोरिडातील डेटोना बीच येथे उभी राहिली. तिच्या सुरुवातीच्या चालकांमध्ये चोरटी दारू पोहोचवताना पोलिसांना हुलकावणी देऊन तयार झालेले हातही होते. तेव्हा धाडस हीच या खेळातली पहिली पात्रता मानली जाई, यात नवल नाही.

आता फ्रेड लॉरेन्झन पाहा. १९६३ मध्ये एकाच हंगामात एक लाख डॉलरहून अधिक बक्षीस मिळवणारा तो पहिला नॅसकार चालक ठरला. १९६५ ची 'डेटोना ५००' ही मानाची शर्यतही त्याने जिंकली. १९६७ साली, वयाच्या अवघ्या ३२ व्या वर्षी, तो निवृत्त झाला आणि १९७० मध्ये परत आला. हात तेच होते, पण आजूबाजूचे सगळे बदलले होते. त्याच वर्षी मार्चमध्ये टॅलाडेगा येथे बडी बेकरने ताशी २०० मैलांचा, म्हणजे सुमारे ३२० किलोमीटरचा टप्पा ओलांडला होता. ज्या फोर्डच्या जोरावर लॉरेन्झनने नाव कमावले, त्या कंपनीनेही १९७० च्या अखेरीस शर्यतींमधून हात आखडता घेतला. १९७१ मध्ये डार्लिंग्टनला त्याचा मोठा अपघात झाला. पुढच्या वर्षी तो कायमचा थांबला. या दुसऱ्या डावात त्याला एकही विजय मिळाला नाही.

उर्दूत निवृत्त झालेल्या माणसाला 'सुबुकदोश' म्हणतात. सुबुक म्हणजे हलका, दोश म्हणजे खांदा. मी उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवतो. मराठीतल्या 'निवृत्ती'त मागे फिरणे आहे, उर्दूत ओझे उतरणे आहे. पण उतरलेल्या ओझ्याचीच ज्याला आठवण येते, त्याच्यासाठी दोन्ही भाषांत चांगला शब्द नाही.

अलाबामाचा नील बॉनेट असाच होता. नॅसकारच्या सर्वोच्च मालिकेत १८ विजय मिळवलेला हा चालक १ एप्रिल १९९० रोजी डार्लिंग्टनच्या अपघातात डोक्याला मार लागून स्मृती गमावून बसला. त्याने शर्यती सोडल्या आणि तो दूरचित्रवाणीवर समालोचन करू लागला. लोकांना तो त्या कामातही आवडला. तरीही तीन वर्षांनी डॉक्टरांची परवानगी मिळवून तो परतला. जुलै १९९३ मध्ये टॅलाडेगाला त्याची गाडी हवेत उडून प्रेक्षकांसमोरच्या जाळीवर आदळली. तो सुखरूप बाहेर आला आणि त्याच शर्यतीच्या समालोचनात जाऊन बसला. पाहणाऱ्यांना त्याच्या हिंमतीचे कौतुक वाटले असेल. ११ फेब्रुवारी १९९४ रोजी डेटोनाला सराव करताना त्याची गाडी भिंतीवर धडकली आणि तो गेला. वय ४७. तीनच दिवसांनी त्याच ठिकाणी, सरावातच, रॉडनी ऑर हा नवखा चालकही मरण पावला.

अशा वेळी 'आवडते काम करता करता गेला' असे म्हटले जाते. घरच्यांसाठी ही फुंकर असेल, पण खेळ चालवणाऱ्यांसाठी ती पळवाट आहे. धडकेत चालकाचे डोके पुढे फेकले जाऊन मान व कवटीला जीवघेणा झटका बसू नये, यासाठीचे साधन रॉबर्ट हबर्ड आणि जिम डाउनिंग यांनी १९८० च्या दशकातच तयार केले होते. नॅसकारने डोके-मान जखडणारे साधन सक्तीचे केले ते ऑक्टोबर २००१ मध्ये. त्याआधी फेब्रुवारीत बॉनेटचा जिवलग मित्र डेल अर्नहार्ट डेटोनाच्याच शेवटच्या फेरीत मरण पावला होता. मान न मिळालेल्यांच्या मरणाने जे झाले नाही, ते सर्वात मोठ्या नावाच्या मरणाने झाले.

नंतरच्या वापसी पाहिल्या की फरक दिसतो. पूर्णवेळ शर्यतींतून बाजूला झालेला मार्क मार्टिन २००९ मध्ये हेंड्रिकच्या बलाढ्य संघाकडून पुन्हा पूर्णवेळ उतरला. पन्नाशीत त्याने ५ शर्यती जिंकल्या आणि विजेतेपदाच्या शर्यतीत दुसरा आला. जिद्द लॉरेन्झनकडेही होती. मार्टिनकडे जिद्दीच्या जोडीला उत्तम गाडी होती आणि सक्तीची सुरक्षाही.

२०१४ पासून नॅसकारने चालकांच्या मेंदूची हंगामाआधी चाचणी बंधनकारक केली. २०१६ मध्ये डेल अर्नहार्टचाच मुलगा, डेल अर्नहार्ट ज्युनियर, मेंदूला बसलेल्या धक्क्याच्या त्रासामुळे अर्धा हंगाम घरी बसला. त्याच्या गाडीत ८ शर्यतींपुरता बसला निवृत्त जेफ गॉर्डन. त्याने एकही शर्यत जिंकली नाही. काम संपल्यावर तो आपल्या वाटेने गेला आणि ज्युनियर पुढच्या वर्षी बरा होऊन परतला. मला या इतिहासातली सर्वात सुंदर वापसी हीच वाटते, कारण ती एका जखमी माणसाला विश्रांती मिळावी म्हणून झाली.

वाचकहो, कुणी पुन्हा उभे राहायचे ठरवले तर टाळ्या जरूर वाजवा. पण त्याआधी विचारा की त्याला परवानगी देणाऱ्यांनी त्याच्यासाठी काय तयारी केली आहे. हिंमत त्याची असते. भिंत मात्र दुसऱ्यांनी बांधलेली असते.