बांधलेल्या इंजिनाचा कॅम का खाल्ला जातो: अमेरिकेतल्या जुन्या ट्रकांची हकीकत

मागच्या पावसाळ्याच्या तोंडावर ट्रॅक्टरचं इंजिन पूर्ण बांधून घेतलं. कॅमशाफ्ट नवा टाकला, टॅपेट मात्र "चांगले दिसतात" म्हणून जुनेच बसवले. नारळ फोडला आणि तासभर इंजिन मंद चालू ठेवलं. पंधरा दिवसांत टिक-टिक सुरू. फिलर गेज लावून टॅपेट सेट करायचं, की चार दिवसांत गॅप परत वाढलेली. वापसा आला तेव्हा ट्रॅक्टर शेडमध्ये उघडा पडलेला. पेरणी भाड्याच्या ट्रॅक्टरनं केली.

हा रोग अमेरिकेतल्या हौशी लोकांनी आपल्या आधी भोगलाय. तिकडं शेवरोलेटचं छोटं व्ही-८ इंजिन १९५५ साली आलं, पुढं तेच पिकअप ट्रकांतही बसलं. पुशरॉड, रॉकर, सपाट टॅपेट, म्हणजे रचना आपल्या ट्रॅक्टरसारखीच. सपाट म्हणतात खरं, पण टॅपेटचं तोंड किंचित फुगीर असतं आणि कॅमचा लोब किंचित तिरका घासलेला असतो. त्यामुळं टॅपेट चालता चालता गोल फिरतो आणि झीज सगळीकडं वाटली जाते. फिरायचा थांबला की एकाच रेषेवर घासतो. मग लोब जायला वेळ लागत नाही.

त्या काळच्या मोठ्या व्ही-८ इंजिनांत कॅम झिजायची तक्रार होतीच. त्यावर उपयोगी पडलं ऑइलमधलं जस्त आणि फॉस्फरसचं रसायन, झेडडीडीपी. गंमत म्हणजे १९४० च्या दशकात ते आलं होतं बेअरिंग गंजू नये आणि ऑइल खराब होऊ नये म्हणून. झीज रोखायचा गुण नंतर कळला.

१९७५ च्या मॉडेलपासून तिकडच्या गाड्यांना धूर साफ करणारे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर लागले. फॉस्फरसनं ते निकामी होतात, म्हणून पेट्रोल गाड्यांच्या ऑइलमधलं फॉस्फरस टप्प्याटप्प्यानं कमी केलं. २००४ च्या एपीआय एसएम दर्जात नेहमीच्या पातळ ग्रेडांना मर्यादा ०.०८ टक्के. नव्या इंजिनांना काही फरक पडला नाही, कारण १९८० च्या दशकापासून त्यांत रोलर टॅपेट येत गेले होते. अडकले ते जुनी इंजिनं बांधणारे. त्यात ताकद वाढवायला उंच लोबचा कॅम आणि कडक स्प्रिंगा. बोअर, पिस्टन सगळं नवं आणि कॅम मात्र पहिल्याच तासात सपाट! काहींनी कॅमच्या धातूला दोष दिला, काहींनी ऑइलला. माझ्या मते एकटं ऑइल दोषी नव्हतं. कडक स्प्रिंग आणि चुकीची पहिली सुरुवात यांचाही वाटा मोठा. बरेच जण मग डिझेल ट्रकचं १५डब्ल्यू-४० ऑइल ओतायला लागले, म्हणजे आपण ट्रॅक्टरला वापरतो त्याच जातीचं.

त्यांची रोग ओळखायची पद्धत मला पटली. कॅम क्रँकच्या निम्म्या वेगानं फिरतो, म्हणून टिक-टिकही निम्म्या तालात येते. वरचं कव्हर काढून इंजिन मंद चालवायचं आणि पुशरॉड फिरतात का बघायचं. जो फिरत नाही त्याच्यावर संशय. मग इंजिन बंद करून, हातानं फिरवून, डायल गेजनं प्रत्येक पुशरॉड किती उचलला जातो ते मोजायचं. इनलेटची तुलना इनलेटशी, एक्झॉस्टची एक्झॉस्टशी. पेट्रोल इंजिनात एक्झॉस्टचा लोब गेला की जळालेला वायू बाहेर पडत नाही, इनलेट उघडताच उलटा येतो आणि कार्बुरेटरमधून फट-फट होते. ऑइल फिल्टर कापून घड्या उलगडल्या की चमकणारा चुरा दिसतो.

आमच्या ट्रॅक्टरचा एक पुशरॉड बाकीच्यांपेक्षा जवळजवळ दोन मिलिमीटर कमी उचलत होता. कॅम काढला तर त्या लोबचं नाक गोल झालेलं, टॅपेटचं तोंड वाटीसारखं खोल. जुना टॅपेट आपल्या जुन्या लोबला घासून बसलेला असतो, नव्या लोबवर तो नीट फिरत नाही. आणि मंद चालवल्यानं क्रँकवरून उडणारं ऑइल कॅमला कमी मिळतं. तिकडं नवा कॅम सुरू होताच दोन हजार आरपीएमवर वीस-तीस मिनिटं ठेवतात, मंद सोडतच नाहीत.

दुसऱ्यांदा कॅम आणि सहाही टॅपेट नवे घेतले, चेंबर उतरवून धुतलं, कॅमला असेंब्ली ग्रीस लावलं. सुरू झाल्याबरोबर अर्ध्या थ्रॉटलवर ठेवलं. मिस्त्री घाबरला होता. गेल्या आठवड्यात गॅप मोजली, सेट केली होती तेवढीच आहे.