उसना दिलेला नोकर आणि त्याची परतवाट

शेजारच्या घरी लग्नकार्याला पातेले उसने दिले, तर कार्य उरकल्यावर ते परत येते आणि फळीवरच्या आपल्या जागी बसते. मधल्या चार दिवसांत ती जागा कोणी बळकावलेली नसते. माणसाचे तसे नाही. एका मालकाने आपला नोकर दुसऱ्याकडे काही वर्षांसाठी कामाला दिला, तर तो परतेपर्यंत त्याच्या खुर्चीवर दुसरा बसलेला असतो, मागचे पुढे गेलेले असतात आणि क्वचित प्रसंगी, ज्या घरातून तो निघाला ते घरच उरलेले नसते.

या उसनवारीला सरकारी भाषेत प्रतिनियुक्ती म्हणतात. कारखान्यात तिला काही नावच नसते. 'उद्यापासून त्या गेटवर जा' एवढ्या बोलण्यावर काम भागते. विषय वरवर कोरडा वाटतो. परंतु नोकरीवर ज्यांचे घर चालते, अशा प्रत्येकाच्या म्हातारपणाचा प्रश्न त्यात गुंतलेला आहे. तीन प्रश्न वेगवेगळे करून विचारले म्हणजे हा गुंता सुटतो, असा आमचा अनुभव आहे. परत आल्यावर जागा आहे काय? मधली वर्षे कोणाच्या खात्यावर मांडायची? आणि मूळ घरच मोडले, तर दाद कोणाकडे मागायची?

या तिन्ही प्रश्नांची उत्तरे शोधायला आपल्याला फार लांब जावे लागत नाही. आपले जालना १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होते आणि बाहेरून माणसे उसनी आणण्याची रीत त्या राज्यात फार जुनी होती. तिचे ठळक उदाहरण सर अकबर हैदरी यांचे. मुंबईत जन्मलेले हे गृहस्थ हिंदुस्थान सरकारच्या अर्थखात्यात नोकरीला होते. १९०५ साली त्यांची सेवा निजाम सरकारला उसनी देण्यात आली व ते हैदराबादेस महालेखापाल झाले. तेथे एकामागून एक मोठी पदे त्यांनी भूषवली. १९२० साली ते मूळ खात्यात परतले, ते मुंबईचे महालेखापाल म्हणून! पुढच्याच वर्षी ते पुन्हा हैदराबादेस गेले आणि १९३७ ते १९४१ या काळात तेथे प्रधानमंत्री होते.

पंधरा वर्षे बाहेर राहिलेल्या माणसाला मूळ खात्यात मानाची जागा मिळते, हे कशामुळे घडले? हैदरींची कर्तबगारी होतीच. परंतु केवळ कर्तबगारीवर जागा राखली जात नाही. तिच्यामागे नियम असावा लागतो. १ जानेवारी १९२२ पासून अमलात आलेल्या सरकारी नोकरांच्या मूलभूत नियमांत ही सगळी रीत कलमवार मांडलेली दिसते. कायम जागेवरच्या नोकराचा त्या जागेवर जो हक्क असतो, त्याला धारणाधिकार म्हणतात. नोकर दुसरीकडे गेला तरी हा हक्क मूळ जागेवर टांगलेला राहतो. नोकराच्या इच्छेविरुद्ध त्याला सरकारबाहेरच्या चाकरीत धाडू नये, हे त्या नियमांतले मूळ सूत्र. सरकारच्याच मालकीच्या संस्थांपुरता त्याला पुढे अपवाद करण्यात आला. बाहेर असतानाही तो आपल्या मूळ संवर्गातच राहतो आणि तेथली बढती त्याला देता येते. त्याच्या निवृत्तिवेतनापोटी वर्गणी भरावी लागते आणि ती बहुधा उसना घेणाऱ्या मालकाकडून घेतली जाते.

पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे येथे मिळतात. जागा धारणाधिकाराने राखली आणि मधली वर्षे वर्गणीने जोडली. ही व्यवस्था साहेबलोकांसाठी बांधली गेली हे खरे, परंतु एकदा नियम छापला गेला म्हणजे तो कारकुनालाही वाचता येतो.

कारकुनाने तो वाचलाही. जुन्या मुंबई राज्याच्या सेवेतील एक कर्मचारी दुसऱ्या खात्यात प्रतिनियुक्तीवर गेला. तेथे त्याचे काम चांगले झाले आणि तो वरही चढला. परत आल्यावर मात्र त्याला जुन्याच पायरीवर उभे करण्यात आले, आणि मधल्या काळात त्याच्या हाताखालचा माणूस त्याच्या वर जाऊन बसला होता. १९५६ च्या पुनर्रचनेत हा कर्मचारी म्हैसूर राज्याच्या वाट्याला गेला, म्हणून दाव्यात म्हैसूर सरकार प्रतिवादी झाले. १९६४ साली सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, त्याचा आशय असा : प्रतिनियुक्तीवरची समाधानकारक सेवा ही मूळ खात्यातच केलेली सेवा समजली पाहिजे, तो घरी राहिला असता तर ज्या पायरीवर पोचला असता, ती पायरी परतल्यावर त्याला मिळाली पाहिजे. परतणे म्हणजे नुसते आत येऊन उभे राहणे नव्हे, आपल्या रांगेतल्या जागेवर येणे होय, हे या निकालाने ठरवले.

आता तिसरा प्रश्न, आणि तोच सर्वांत अवघड आहे. सप्टेंबर १९४८ च्या पोलीस कारवाईनंतर मुंबई, मद्रास, मध्य प्रांत येथून अनेक अधिकारी हैदराबादेत आले. १९५२ साली 'मुल्की' आंदोलन पेटले. बाहेरच्यांनी परत जावे, अशी मागणी स्थानिक तरुणांनी केली आणि हैदराबाद शहरात गोळीबारापर्यंत मजल गेली. उसन्या माणसाची खुर्ची ही तेथल्या कोणाची तरी हुकलेली खुर्ची असते, हे त्या आंदोलनातून दिसले. परंतु मुंबईहून उसन्या आलेल्या माणसाच्या मागे निदान परत जायला मुंबई होती. चार वर्षांनी, १ नोव्हेंबर १९५६ रोजी, हैदराबाद राज्यच नाहीसे झाले. मराठवाड्याचे पाच जिल्हे मुंबई राज्यात आले, कानडी भाग म्हैसूरला गेला, तेलंगण आंध्र प्रदेशात गेले. ज्या सरकारने नेमणुकीच्या हुकमावर शिक्का मारला, ते सरकारच उरले नाही. अशा नोकराने परत जायचे कोठे?

येथे कायदा धावून आला. राज्य पुनर्रचना कायद्याच्या कलम ११५ ने सांगितले की, नोकराच्या पुनर्रचनेपूर्वीच्या सेवाशर्ती केंद्र सरकारच्या पूर्वसंमतीवाचून त्याच्या तोट्याच्या रीतीने बदलता येणार नाहीत. घर मोडले, पण घरातल्या कराराला कायद्याने नवा दरवाजा करून दिला. तो दरवाजा अमर्याद रुंद नव्हता. बढतीसाठी विचार होणे हा हक्क, परंतु बढतीची नुसती संधी कमी झाली तर ती सेवाशर्त मोडली असे नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने पुढे १९८१ साली महाराष्ट्रातल्याच विक्रीकर खात्याच्या एका खटल्यात स्पष्ट केले.

आपल्या मोटारसेवेचे उदाहरण घ्या. निजाम स्टेट रेल्वेने १९३२ साली २७ मोटारगाड्या आणि १६६ नोकरांनिशी रस्ते वाहतूक सुरू केली. १९५१ साली ती रेल्वेकडून राज्य सरकारच्या खात्याकडे आली. १९५६ साली तिचे तीन राज्यांत तुकडे झाले. मराठवाड्याचा तुकडा १९६१ साली राज्य परिवहन महामंडळात मिसळला. एखादा चालक १९५० साली जालन्याच्या रस्त्यावर गाडी हाकत असेल, तर अकरा वर्षांत त्याची गाडी आणि रस्ता तेच राहून मालक मात्र तीन वेळा बदलला. गुलबर्गा भागातल्या अशाच काही नोकरांना नव्या राज्यातल्या खालच्या दर्जाच्या अधिकाऱ्याने बडतर्फ केले, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने ती बडतर्फी बेकायदा ठरवली. ज्या दर्जाच्या अधिकाऱ्याने नेमले, त्याच्याहून खालच्याने काढता येत नाही. मोडलेल्या राज्याचा ट्रंकेतला जुना हुकूम अजून जिवंत होता!

ही झाली सरकारी नोकरांची कथा. खाजगी नोकराच्या मागे ना मूलभूत नियम, ना कलम ११५. त्याची कथा सिंदिया जहाज कंपनीच्या खटल्यात वाचावी. वालचंद हिराचंद यांच्यासारख्यांनी १९१९ साली मुंबईत उभी केलेली ही मोठी देशी कंपनी. १९४३ साली तिने एअर सर्व्हिसेस ऑफ इंडिया ही विमान कंपनी विकत घेतली आणि १९४६ ते १९५१ या काळात आपले ३१ नोकर तिकडे उसने दिले. पगाराची श्रेणी आणि बोनस सिंदियाच्या दराने. परत बोलावण्याचा अधिकार सिंदियाने स्वतःकडे ठेवला होता आणि आपल्यालाही परत जाण्याचा हक्क आहे, असे नोकरांचे म्हणणे होते.

१९५३ साली विमान कंपन्यांचे राष्ट्रीयीकरण झाले. कायद्याच्या कलम २० प्रमाणे जुन्या कंपन्यांचे नोकर १ ऑगस्ट १९५३ पासून नव्या महामंडळाचे नोकर होणार होते. ज्याला व्हायचे नसेल, त्याने १० जुलैपर्यंत तसे लेखी कळवायचे होते. उसन्या नोकरांनी तसे कळवले नाही. आपण सिंदियाचेच आहोत, आपल्याला या कलमाशी काय करायचे, अशी त्यांची भूमिका होती. डिसेंबर १९६० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला तो त्यांच्या विरुद्ध. उसने असले तरी त्या घटकेला ते विमान कंपनीच्याच नोकरीत होते. नकार देण्याची संधी कायद्याने दिली होती, ती त्यांनी घेतली नाही. म्हणून ते महामंडळाचे झाले आणि सिंदियाशी असलेले नाते संपले.

हा निकाल कठोर वाटतो, परंतु त्यातली भेद करण्याची रीत समजून घेतली पाहिजे. १९४० साली इंग्लंडच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने डॉनकॅस्टरच्या कोळसा खाणींच्या खटल्यात असे तत्त्व सांगितले होते की, नोकर हा यंत्रासारखी मालमत्ता नव्हे. त्याच्या संमतीवाचून त्याचा करार एका मालकाकडून दुसऱ्याकडे सोपवता येत नाही. सिंदियाच्या नोकरांना हे तत्त्व उपयोगी पडले नाही, कारण कायद्याने संमती विचारली होती आणि गप्प बसणे हीच संमती ठरली. एकतीस माणसांची परतवाट एका तारखेला बंद झाली.

कायदा कधी कधी उशिराही जागा होतो. लातूर-मिरज मार्गावरच्या बार्शी लाइट रेल्वेचा ताबा १ जानेवारी १९५४ रोजी सरकारने घेतला, तेव्हा कंपनीने आपल्या कामगारांच्या नोकऱ्या संपवल्या. कामगारांनी कपातीची भरपाई मागितली. २७ नोव्हेंबर १९५६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती नाकारली, कारण तेव्हाच्या कायद्यात धंदा हस्तांतरित होणे हे 'कपाती'त बसत नव्हते. संसदेने १९५७ साली औद्योगिक कलह कायदा दुरुस्त करून अशा कामगारांना भरपाईचा हक्क दिला, पण तो लागू केला २८ नोव्हेंबर १९५६ पासून, म्हणजे निकालाच्या दुसऱ्या दिवसापासून. ज्यांच्या भांडणातून हक्क जन्मला, ते त्याच्या बाहेर राहिले. चळवळीत काम करणाऱ्यांनी हे विसरू नये : आजच्या पुष्कळ कलमांची किंमत काल कोणीतरी हरून भरलेली असते.

'जालना सोने का पालना' ही म्हण आपण अभिमानाने सांगतो. त्या पाळण्याला आज बियाण्यांच्या आणि लोखंडी सळयांच्या कारखान्यांची दोरी आहे. आमच्या कामात असे कितीतरी कामगार भेटतात, ज्यांना एका कारखान्यातून दुसऱ्यात 'तात्पुरते' पाठवलेले असते. मालक तोच असतो, पण हजेरीपत्रक बदलते आणि भविष्यनिर्वाह निधीचा क्रमांक बदलतो. दहा वर्षांनी ग्रॅच्युइटीचा हिशेब निघतो, तेव्हा सलग नोकरी कोठून मोजायची यावर वाद होतो. मालकाने दिलेला शब्द खोटा होता, असे प्रत्येक वेळी नसते. शब्द देणारा व्यवस्थापक बदललेला असतो, एवढेच. 'गरज सरो, वैद्य मरो' ही वृत्ती माणसात असतेच. तिच्यावर रागावण्यापेक्षा तिचा आधीच बंदोबस्त करणे शहाणपणाचे.

दुसरीही बाजू सांगितली पाहिजे. परत येण्याचा हक्क हा परत जाण्याच्या बांधिलकीशी जोडलेला आहे. प्रतिनियुक्तीवरच्या माणसाला केव्हाही मूळ खात्यात परत धाडता येते आणि नव्या जागी कायम करा असा हट्ट त्याला धरता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००० साली पुन्हा बजावले. आणि नव्या जागी जो रीतसर कायम झाला, त्याचा जुन्या जागेवरचा धारणाधिकार सुटतो. दोन्ही घरी एकाच वेळी पान मांडून ठेवता येत नाही.

तेव्हा उसने जाण्यापूर्वी नोकरमाणसाने तीन गोष्टी कागदावर घ्याव्यात. मूळ मालकाचा हुकूम : आपण त्याचेच नोकर आहोत, किती मुदतीसाठी जात आहोत आणि परतल्यावर कोणत्या पायरीवर येणार. उसन्या घेणाऱ्याचे पत्र : त्या काळात पगार, निधी, रजा कोण भरणार. आणि तिसरा कागद प्रसंग येईल तेव्हाचा : मालक बदलत आहे असे कानावर येताच, ठरलेल्या तारखेच्या आत, आपल्या सहीचे लेखी उत्तर आणि त्याची पोच. हैदरींची परतवाट नियमाने राखली, कारकुनाची न्यायालयाने राखली, हैदराबादच्या नोकरांच्या सेवाशर्ती संसदेने राखल्या. सिंदियाच्या एकतीस जणांची परतवाट राखणारा एक कागद लिहायचा राहून गेला.