दाव्याची कुळकथा

गाय, बैल, वासरू खुंट्याला बांधायचा आखूड दोर म्हणजे दावे. संस्कृतात ‘दामन्’ म्हणजे बांधायची दोरी. त्यातून दावे आले आणि ‘दामनी’तून गुरे ओळीने बांधायची दावण. दामोदर या नावात तोच दाम उदराला बांधलेला आहे. भागवताच्या दहाव्या स्कंधात यशोदा खोडकर कृष्णाला उखळीला बांधू पाहते, दोराला दोर जोडत जाते, आणि दरवेळी तो दोन बोटे कमीच पडतो.

नांदेड-लातूरकडे लाल कंधारी आणि देवणी जनावरांची दावी अंबाडीची असत. अंबाडीचा कोवळा पाला भाजीला जाई. खोडे पाण्यात कुजवून सोलली, धुऊन वाळवली की वाख मिळे. दोर वळण्याचे काम पिढ्यान्‌पिढ्या मातंग समाजाकडे होते. पोळ्याचे नवे कासरेही त्यांच्याच हातचे. प्रत्येक पेड एका अंगाने पिळायचा आणि तिन्ही पेड मिळून उलट्या अंगाने वळायचे. मग एक पीळ दुसऱ्याला उलगडू देत नाही. एवढ्या कसबाचे मोल बलुत्याच्या धान्याने कधीच पुरते फिटले नाही. आता बाजारात नायलॉनची दावी मिळतात.

दाव्याचा काही भाग गाठीत जातो, आणि दोर जितका जाड तितका जास्त. गोठ्यात गाठी दोन: टोक ओढताच सुटणारी सुरगाठ आणि न सुटणारी निरगाठ. गणितातही हा भेद आहे. तिथे दोराची दोन्ही टोके जोडून मग गाठ तपासतात. सुरगाठ तेव्हा साधे कडेच ठरते. एक वेढा घालून टोक आरपार काढलेली साधी गाठ मात्र कायम राहते.

या साध्या गाठीला किमान किती दोर लागतो? एलिझाबेथ डेन, युआनान दियाओ आणि जॉन सलिव्हन यांनी 2006 मध्ये सिद्ध केले की दोराच्या जाडीच्या 15.66 पटीहून कमी लांबीत ती बसत नाही. संगणकावर आवळत नेलेली सर्वांत आखूड गाठ सुमारे 16.37 पट भरते. म्हणजे बोटभर जाडीच्या दोराला साडेपंधरा बोटे नक्कीच अपुरी आणि साडेसोळा पुरेशी. 15.66 आणि 16.37 यांच्यातले पाऊण बोटाहून किंचित कमी अंतर अजून मिटलेले नाही.