आखितीनंतरची माळवदावरची फेरी

आखिती झाली की आत्याबाई पहाटेच शिडी लावायला सांगत. तीर्थपुरीतलं आमचं जुनं घर पाच खणांचं, वर मातीचं माळवद. पावसाळ्याआधी ते तपासायचा मान त्यांचा. अनवाणी चालायच्या. पायाखाली माती भुसभुशीत लागली की थांबून टाचेनं दाबायच्या आणि वरून विचारायच्या, "सूनबाई, बघ गं, किलच्यांतून माती झडती का?" मी घरात उभी राहून वर, माती पेलणाऱ्या लाकडी किलच्यांकडे बघायचे. पन्हाळ तुंबलीय का, सान्याच्या, म्हणजे छतातल्या झरोक्याच्या, कडेला भेग आहे का, वाळवी कोणत्या तुळईला लागली, हे सगळं त्या एका फेरीत कळायचं. मग ठरायचं: पांढरीच्या इतक्या पाट्या, इतकं भुसकट, तुळई पुढच्या वर्षी. मृग लागायच्या आत काम उरकायचं.

आपल्याकडे शेताला काळी म्हणतात आणि गावाला पांढरी. माळवदाची माती या पांढरीतलीच, गावाच्या जुन्या टेकाडातली. शेकडो वर्षांची पडकी घरं, चुलींची राख, शेणामातीचे पोपडे, सगळं तिच्यात मिसळलेलं. काळी माती पावसात फुगते आणि उन्हात फाटते, म्हणून ती माळवदाला चालत नाही. पांढरी ओली झाली की दबून बसते. म्हणजे माळवदावर आधीच्या पिढ्यांची घरंच पसरलेली असत. त्यात काय काय दडलेलं असतं ते तेर गावात दिसतं. तिथल्या टेकाडांतून निघालेल्या सातवाहनकाळच्या वस्तू रामलिंगप्पा लामतुरे यांनी आयुष्यभर जमवल्या, आज त्यांच्या नावाचं संग्रहालय उभं आहे. घरांसाठी पाट्या भरभरून नेलेल्या मातीबरोबर किती इतिहास छपरांवर गेला असेल, या विचारानं मला अजून हळहळ वाटते.

वैशाखातल्या दुपारी त्या घरात शिरलं की डोळ्यांपुढे अंधारी यायची आणि मग गारवा जाणवायचा. एवढ्या जाड मातीतून ऊन आत यायला बरेच तास लागतात. ते पोचेपर्यंत रात्र झालेली असायची आणि आम्ही वर, माळवदावरच झोपलेलो असायचो.

२९ सप्टेंबर १९९३ ला गणपती बोळवले. ३० तारखेला पहाटे चारच्या सुमाराला भांडी वाजली. किल्लारीच्या भूकंपाची बातमी नंतर आली. लातूर-उस्मानाबादकडे सुमारे ८ हजार माणसं गेली, त्यातली बहुतेक दगडमातीच्या भिंती आणि माळवदांखाली. मला त्याचं कारण आमच्याच घरात दिसलं. आम्ही दरवर्षी वर माती चढवली, जुनी कधी उतरवली नाही. आत्याबाईंची फेरी गळती शोधायची, ओझं मोजायची नाही. हातभर जाडीची माती म्हणजे चौरस मीटरला सहा-सातशे किलो, आणि खाली मातीत रचलेल्या गोल दगडांची भिंत. पुढे सरकारनं ५२ गावं नव्या जागी वसवली. जी घरं जागेवरच मजबूत करायची होती, तिथं माळवदाची माती कमी करणं, भिंतीत आरपार दगड घालणं आणि खांब-तुळयांना तिरपे आधार देणं ही कामं सांगितली गेली. पण लोकांच्या मनात भीती बसली होती. आमच्या गल्लीत बघता बघता पत्रे आणि स्लॅब आले. आमचं माळवद १९९६ ला उतरलं.

आता मी स्लॅबखाली राहते. मे महिन्यात रात्री नऊलाही छताखाली उभं राहिलं की डोक्यावर धग जाणवते, आणि पंखा तीच हवा फिरवतो. केंद्र सरकारच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोची इको निवास संहिता २०१८ च्या डिसेंबरात आली. घराचं छत कसं असावं याचं माप तिच्यात आहे: आत-बाहेर एका अंशाचा फरक असेल तर चौरस मीटरमधून १.२ वॅटपेक्षा जास्त उष्णता जाऊ नये. नुसता काँक्रीटचा स्लॅब याच्या तिप्पट जाऊ देतो, पत्रा त्याहून पुष्कळ जास्त. हातभर जाड, कोरडं माळवद मात्र या मापात जवळजवळ बसतं. हे वाचलं तेव्हा मी बराच वेळ गप्प बसून होते. ज्या जाडीनं आम्हाला थंड ठेवलं, तीच किल्लारीला माणसांच्या अंगावर आली होती.

म्हणून माळवद परत आणा असं मी कुणाला सांगणार नाही. फेरी मात्र मी पुन्हा सुरू केली आहे. गेल्या आखितीला नातीला घेऊन गच्चीवर गेले. भेगा खडूनं रेघून ठेवल्या, बादलीभर पाणी ओतून उतार बघितला, दक्षिणेच्या कोपऱ्यात ते साचलं. पश्चिमेच्या भिंतीला दुपारी चारला हात लावला, तो ठेववेना. कामांचा क्रम असा ठरला: आधी भेगा, मग उतार, मग वर पांढऱ्या फरशीच्या तुकड्यांचा थर, म्हणजे ऊन परतेल आणि ओझंही फार वाढणार नाही. पश्चिमेच्या खिडकीवर छज्जा. पैसे एकदम नाहीत, त्यामुळे भेगा आणि उतार या वर्षी, फरशी पुढच्या. तोवर गच्चीवर चुना मारायचा. नातीनं वहीत सगळं उतरवून घेतलं आणि विचारलं, "आजी, स्लॅबवर वजन किती चालतं?" ते गवंड्याला विचारून वहीत लिहायचं आहे.