नाटक बोरिवलीला आले, चित्र फोर्टातच राहिले

२१ जानेवारी १९५२ रोजी मुख्यमंत्री बाळासाहेब खेर यांच्या हस्ते जहांगीर कलादालनाचे उद्घाटन झाले, तेव्हा दहिसर मुंबईत नव्हतेच. १९५० च्या हद्दवाढीत शहराची वेस पश्चिमेला जोगेश्वरीपर्यंत सरकली होती. दहिसर आणि मुलुंड आत यायला १९५७ उजाडले. पुढे गिरगाव-लालबागची कुटुंबे चाळी सोडून बोरिवली-दहिसरला आली, चेकनाक्यापर्यंत इमारती उभ्या राहिल्या. मात्र चित्रप्रदर्शन पाहायचे तर आजही चर्चगेटचीच गाडी पकडायची, म्हणजे एका बाजूचे ३६ किलोमीटर. यावरून उपनगरातल्या माणसाला चित्रांचे वावडे आहे, असा निष्कर्ष काढणारे बरेच भेटतात. मला तो पटत नाही. मुंबईत चित्रांची वस्ती कुठे वसली, हे चित्रकारांच्या किंवा प्रेक्षकांच्या राहत्या पत्त्यावर ठरलेले नाही. गिऱ्हाईक, समीक्षक आणि परवडणारा चहा हाकेच्या अंतरावर कुठे मिळतात, यावर ते ठरले.

काळा घोडा परिसराचाच इतिहास पाहा. १९४९ मध्ये प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपचे पहिले प्रदर्शन रॅम्पार्ट रोवर बॉम्बे आर्ट सोसायटीच्या जागेत भरले, तेव्हा जहांगीरचा पत्ताही नव्हता. त्यातले चित्रकार काही फोर्टचे रहिवासी म्हणून तिथे जमले नव्हते. हुसेन पंढरपुरात जन्मलेले, सिनेमाची पोस्टरे रंगवून पोट भरलेले; गाडे विदर्भातले; आरांनी घरगडी म्हणून काम केलेले. त्यांना तिथे ओढून आणले ते आसपासच्या माणसांनी. वॉल्टर लँगहॅमर टाइम्स ऑफ इंडियाचे कलासंचालक, रूडी व्हॉन लायडन वर्तमानपत्रात समीक्षा लिहिणारे, इमॅन्युएल श्लेसिंगर चित्रे विकत घेणारे. युरोपातून निर्वासित होऊन आलेली ही मंडळी. त्यांचा वावर बोरीबंदर ते कुलाबा या पट्ट्यात. आता गंमत अशी, की सूझा १९४९ मध्येच लंडनला गेले, रझा १९५० मध्ये पॅरिसला, पाठोपाठ बाकरेही इंग्लंडला. चित्रकारांमुळेच परिसर घडला असता तर तो तेव्हाच ओस पडायला हवा होता. घडले उलटे. जहांगीर उभे राहिले, १९६३ मध्ये केकू गांधींची केमोल्ड गॅलरी त्याच इमारतीच्या पहिल्या मजल्यावर आली आणि त्याच वर्षी पंडोलही सुरू झाली.

ही सगळी पारशी शेठांच्या दानाची पुण्याई, असे यावर कुणी म्हणेल. जहांगीरपुरते ते खरेच आहे. सर कावसजी जहांगीर यांनी दिवंगत मुलाच्या स्मरणार्थ दिलेल्या देणगीतून ती वास्तू झाली. पण त्याच घराण्याच्या नावाचा कावसजी जहांगीर हॉल १९११ पासून समोरच्या चौकात उभा होता. तिथे सभा झाल्या, संगीताच्या मैफली झाल्या. तिथे राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय यायला १९९६ साल लागले. देणगीने भिंत मिळते, भिंतीसमोर रेंगाळणारी माणसे मिळत नाहीत. ती जमवण्याचे काम जहांगीरमध्ये १९६४ पासून उषा खन्नांच्या समोवार या उपाहारगृहाने केले. अरुंद, लांबलचक व्हरांडा, एका अंगाला म्युझियमची बाग, टेबलावर पुदिन्याचा चहा आणि भरलेले पराठे. एका कपावर तासभर बसले तरी कुणी उठवत नसे. चित्र न विकलेला चित्रकार आणि चित्र घ्यावे की नाही या विचारात पडलेला गिऱ्हाईक शेजारशेजारच्या टेबलांवर असत. पलीकडे वेसाइड इनमध्ये अरुण कोलटकर बसत आणि खिडकीतून दिसणारी फुटपाथवरची माणसे त्यांच्या कवितेत उतरत. त्या फुटपाथवरही प्रदर्शन असे: जहांगीरची तारीख मिळायला वर्षानुवर्षे थांबावे लागते म्हणून, किंवा भाडे परवडत नाही म्हणून, बाहेरच चित्रे मांडणाऱ्यांचे.

मग हे सारे उत्तरेकडे का सरकले नाही? इथे नाटकाशी तुलना करून पाहावी. मराठी नाटक आपल्या प्रेक्षकामागून गेले. गिरगावात साहित्य संघ, दादरला शिवाजी मंदिर, पार्ल्याला दीनानाथ, ठाण्याला गडकरी रंगायतन, बोरिवलीला प्रबोधनकार ठाकरे नाट्यगृह. दहिसरच्या माणसाला एक स्टेशन अलीकडे उतरले की तिसरी घंटा गाठता येते. उपनगरात रसिकता नसती तर हा प्रवास झालाच नसता. फरक अर्थकारणात आहे. नाटकाला शेकडो माणसांची तिकिटे लागतात, म्हणून ते वस्ती शोधते. चित्राला एकच गिऱ्हाईक पुरते, पण ते नेमके हवे, आणि ते बँका, कचेऱ्या, ताजसारखी हॉटेले असलेल्या भागातच फिरकते. जहांगीरमध्ये आत जायला पैसे पडत नाहीत. भिंतीचे भाडे चित्रकार भरतो आणि ते विक्रीतून निघाले तर निघाले. असा माणूस आठवडाभराचे भाडे कुठे गुंतवेल, हे सांगायला नको.

१९९९ पासून फेब्रुवारीत भरणाऱ्या काळा घोडा महोत्सवात उपनगरांतून लोंढे येतात, म्हणजे प्रेक्षक आहेच, मग दुसरी जागा का होत नाही, हा आक्षेप राहतो. पण मांडणशिल्पासमोर फोटो काढून परतणारी गर्दी आणि चित्र विकत घेणारा माणूस या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. महोत्सवाने परिसराचे नाव घरोघरी नेले (ज्या पुतळ्यावरून ते पडले तो १९६५ मध्येच हलवला गेला होता), चित्रकाराचे भाडे मात्र त्यातून निघत नाही. शिवाय गॅलऱ्यांनी जागा बदलल्या त्याही ठरावीक कक्षेतच. २००७ मध्ये केमोल्ड जहांगीरमधून बाहेर पडली ती फोर्टातच प्रेस्कॉट रोडला गेली. इतर कितीतरी कुलाब्यात उघडल्या. ३१ मार्च २०१५ रोजी समोवारही बंद झाले. मोठे प्रदर्शनगृह उपनगरांच्या दिशेने आले ते २०२३ मध्ये, नीता मुकेश अंबानी कल्चरल सेंटरमधील चारमजली आर्ट हाउसच्या रूपाने, आणि तेही वांद्रे-कुर्ला संकुलात, म्हणजे फोर्टातल्या बँका आणि कचेऱ्या आधीच जिथे जाऊन बसल्या होत्या तिथे. दहिसरहून ते जहांगीरपेक्षा जवळ पडते खरे. पण तिथे आत जायला बहुधा तिकीट काढावे लागते.