तबकडीचे माप आणि रागाचा विस्तार

धार आणि देवास ही पवारांची संस्थाने. धार येथे १९०३ साली एक कोरीव शिळा उजेडात आली. परमार राजा अर्जुनवर्मा याच्या काळी मदन कवीने रचलेली ‘पारिजातमंजरी’ ही नाटिका तीवर कोरलेली आहे. नाटिका चार अंकांची. शिळेवर अंक दोनच. उरलेले दोन दुसऱ्या शिळेवर असावेत, पण ती शिळा हाती लागली नाही. कृती मोठी आणि साधन आखूड, असा प्रसंग गाण्यावर तर अगदी परवापरवापर्यंत रोजचाच होता.

देवास दरबारचे रजबअली खाँ १९५९ साली निवर्तले. त्यांच्या आयुष्याचा बहुतेक काळ अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांच्या तबकडीचा होता. दहा इंची तबकडीच्या एका बाजूस तीन-सव्वातीन मिनिटे मावत. जो ख्याल बैठकीत तासभर उलगडावयाचा, त्याची तेवढ्यात बंदिश, चार ताना आणि समेवर येणे एवढीच गत व्हावयाची. गायकांनी या कोंडीतूनही सौंदर्य काढले, हे खरेच. १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळात गेलेली, गोव्यातील केरीच्या केसरबाई केरकरांची भैरवी साडेतीन मिनिटांचीच आहे! पण त्यावरून रागाचे माप साडेतीन मिनिटे ठरवू नये.

कुमार गंधर्व बालपणी थोर गायकांच्या तबकड्या ऐकून त्या हुबेहूब गात. १९४८ साली क्षयाने ग्रासलेले कुमार देवासला आले, आणि त्याच साली अमेरिकेत दीर्घ तबकडी निघाली. एका बाजूस वीस-बावीस मिनिटे. पूर्वीच्या मानाने ही मोठीच ऐसपैस जागा. तरी बाजू संपली की सुई उचलावीच लागे. पुढे घरोघर जमलेल्या कॅसेटींचीही तीच तऱ्हा: नव्वद मिनिटांची कॅसेट पंचेचाळीस मिनिटांनी उलटावी लागते, आणि तेवढ्यात विलंबिताचे एखादे आवर्तन कायमचे निसटते.

१९८२ साली बाजारात आलेल्या सीडीने ही अडचण बरीच दूर केली. घरी लिहावयाच्या सीडीवर ऐंशी मिनिटे अखंड राहतात. तिला सीडी ‘बर्न करणे’ म्हणतात. जपून ठेवण्याच्या कामाला जाळण्याचा शब्द, हे थोडे विचित्रच. असो. काळजी दोन गोष्टींची घ्यावी. जुन्या प्लेअरला संगणकाच्या फाइली वाचता येत नाहीत. म्हणून सीडी ‘ऑडिओ’ प्रकारचीच करावी आणि शेवटी ती बंद, म्हणजे ‘फायनलाइज’, करावी. तसेच एका मैफलीचे तुकडे निरनिराळे लिहिले तर दरम्यान दोन सेकंदांची शांतता येते. ती टाळण्यास संपूर्ण तबकडी एका दमात लिहिण्याचा पर्याय निवडावा. गाणे ऐंशी मिनिटांहून लांब असल्यास ते विलंबित संपून द्रुत सुरू होण्यापूर्वी तोडावे. मध्येच आवर्तन तोडणे यासारखा दुसरा अरसिकपणा आम्हांस ठाऊक नाही.

आता थोडे कायद्याचे, कारण तो आमचा व्यवसाय. १९५७ च्या कायद्यान्वये ध्वनिमुद्रणावरील हक्क प्रकाशनानंतर साठ वर्षे टिकतो. गायकवादकांचा स्वतंत्र हक्क १९९४ च्या दुरुस्तीने मान्य झाला. आज त्याची मुदत पन्नास वर्षे आहे. २०१२ च्या दुरुस्तीनंतर खाजगी उपयोगाकरिता केलेला रास्त वापर हा हक्कभंग मानला जात नाही. तेव्हा आपल्या कॅसेटीवरील मैफल स्वतःच्या घरी ऐकण्यासाठी सीडीवर उतरविणे निराळे, आणि तिच्या शंभर प्रती काढून विकणे निराळे. ‘कलेची सेवा’ हे दुसऱ्या कृत्याचे समर्थन आम्ही अशिलांच्या तोंडून ऐकले आहे. न्यायालयात ते टिकत नाही.

लिहिलेल्या सीडीवरील रंगद्रव्य उन्हाने व उष्णतेने विटते, म्हणून दुसरी प्रत निराळ्या ठिकाणी ठेवावी. मूळ कॅसेट फेकू नये. वेष्टनावर राग, स्थळ, तारीख आणि साथीदारांची नावे लिहावीत. तबलजीचे नाव तर अवश्य, कारण विसरले जाते ते नेहमी तेच.